लाइट गेली की धावणारे आबा

आमच्या गावात सगळे लाइट येण्याची वाट बघतात. आबा एकटेच असे, की त्यांना लाइट जाण्याची धास्ती असायची. तीही भरदिवसा. घरातला पंखा थांबला की ते ताटावरून उठायचे. उजवा हात खरकटा, डाव्या हातात धोतराचा सोगा, आणि केळीच्या बागांमधल्या गाडरस्त्याने विहिरीकडे धावत सुटायचे. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा, पाठीला थोडा बाक आलेला माणूस. नवख्याला वाटावं, कुणाच्या तरी घराला आग लागली. गावाला सवय झाली होती. पारावरून कुणीतरी ओरडायचं, "आबा, हळू! लाइट काही तुमच्यापुढं पळत नही!" आबा थांबायचे नाहीत.

ते माझे चुलत सासरे. आमची विहीर सामाईक. वाटणीत जमीन दोन घरांत गेली आणि विहीर मधोमध राहिली. एका काठावर त्यांची मोटर, दुसऱ्या काठावर माझी. माझी म्हणते, कारण नवरा जळगावला पाइपच्या कारखान्यात आणि शेती माझ्याकडे. आम्ही राहतोही शेतातच. त्यामुळे जे पाणी केळीला, तेच आमच्या माठात.

लाइट गेल्यावर धावण्याचं कारण साधं होतं. आमच्याकडे केळीला खत ठिबकमधून देतात. विहिरीजवळ प्लास्टिकचा ड्रम, त्यात पाण्यात विरघळवलेलं खत, आणि ड्रममधली नळी मोटरीच्या पाइपला जोडलेली. मोटर चालू असेपर्यंत खत पाण्याबरोबर बागेत जातं. मध्येच लाइट गेली, की पाइपातलं पाणी उलटं फिरून विहिरीत पडतं आणि जाताना ड्रममधलं खतही ओढून नेतं. तसं होऊ नये म्हणून पाइपवर एक व्हॉल्व्ह बसवतात. त्याच्या आत झडप असते. पाणी पुढे जाताना उघडते, मागे यायला लागलं की मिटते. आबांच्या पाइपवर व्हॉल्व्ह होता. तरी ते धावायचे आणि हाताने नळी काढून ठेवायचे.

"आबा, व्हॉल हाये ना तुमच्याकडी?" मी एकदा विचारलं.

"हाये. पन त्याले भेव नही लागत, सूनबाई. ज्याले भेव नही लागत, त्याच्या भरोशावर मी नही राहत."

भीती हा त्यांचा धंदाच होता म्हणा ना. कुत्र्याला भ्यायचे, लग्नातल्या फटाक्यांना भ्यायचे, जळगावला दवाखान्याच्या लिफ्टमध्ये कधी शिरले नाहीत. एसटीत चढण्याआधी ड्रायव्हरला विचारायचे, "जेवले का साहेब?" जेवला असेल तर गाडी सोडायचे, कारण जेवलेल्याला डुलकी येते. जेवला नसेल तरी सोडायचे, कारण उपाशी माणूस घाई करतो. यावलच्या स्टँडवर ड्रायव्हर त्यांना ओळखून होते. एकाने सांगितलं, "आबा, अर्धं जेवलो, अर्धं डब्यात हाये." त्या गाडीत आबा समाधानाने बसले.

सगळ्यात अवघड त्यांचं पाणी. कुणाच्या घरी गेलं की आधी तांब्याभर पाणी पुढे येतं, आणि ते घेतलं नाही तर आमच्याकडे अपमान समजतात. आबा तांब्या हातात घेऊन हुंगायचे आणि खाली ठेवायचे. भाचीच्या सोयरिकीला असोद्याला गेले, तर तिथेही म्हणाले, "पानी मंग पिऊ. आधी इहीर दाखवा." मुलाचे वडील तापट. ते म्हणाले, "पोरगी देऊन राह्यले का मोटर बसवून राह्यले?" सोयरीक मोडता मोडता वाचली. पुढे त्याच व्याह्यांनी विहिरीवर लोखंडी जाळी टाकली आणि आबांना मुद्दाम बोलावून दाखवली.

हे सगळं कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. आम्ही केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापत होतो. विळा चालवता चालवता, माझ्याकडे न बघता बोलले. तरुणपणी त्यांनी घमेल्यात युरिया भिजवला आणि पोतं आणायला घरात गेले. म्हैस सुटली आणि घमेल्याशी आली. "पेली. मंग बसली. पोट फुगलं, पाय ताठ झाले. पुन्हा उठलीच नही." त्यांनी पुढचं पिलू कापलं. मग म्हणाले, "साखरेसारखं दिसते ते. पान्यात टाकलं का दिसतही नही. मीच भिजवलं व्हतं, ह्याच हातानं."

तेव्हापासून त्यांना पाण्याची नव्हे, पाण्यात न दिसणाऱ्या गोष्टीची भीती. असल्या भीतीला शेवट नसतो.

त्यांच्या एकट्याच्या डोक्यातली ही गोष्ट गावाच्या डोक्यात घातली ती कृषी केंद्रातल्या एका मुलीने. जीन्स घातलेली, स्कुटीवर आलेली, चोवीस-पंचवीसची पोर. आमच्या बागांमधून एक नाला वाहतो आणि खाली गावाच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीला लागून जातो. उन्हाळ्यात तो हिरवा होतो. शेवाळाची साय येते आणि कुजका वास सुटतो. तिने मारुतीच्या पारावर माणसं जमवली आणि कागदाच्या पट्ट्या दाखवल्या. पट्टी पाण्यात बुडवायची. पांढरी राहिली तर ठीक, गुलाबी झाली तर त्यात खत आहे. जितकी गुलाबी तितकं जास्त. नाल्याच्या पाण्यात पट्टी बुडवली. गुलाबी कन्हेरीच्या फुलासारखी झाली.

"मोठ्या माणसांना लगेच काही होत नाही," ती म्हणाली. "तान्ह्या बाळाला मात्र हे पाणी दुधातून गेलं, तर रक्त बिघडतं. ओठ निळे पडतात. जीवही जातो."

मी बायकांतून विचारलं, "उकळून दिलं तर?"

"उकळू तर नकाच. पाणी वाफ होऊन उडतं, खत भांड्यातच राहतं. उलट जास्त होतं."

माणसं तंबाखू मळत राहिली. आबा मात्र पारावरून उठले, घरी गेले आणि जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घरं धरली. आबा समजावून सांगायचे नाहीत, घाबरवायचे. जिथे नवी सून, जिथे पाळणा, तिथे दारात उभे राहायचे. "तुमच्याकडी लहान जीव येनार हाये ना? मंग नाल्यात ड्रम धुऊ नका. आभाळ आलं असंन तं खत टाकू नका, सगळं वाहून नाल्यात येते."

"आबा, शुभ बोला जरा," एकीने दार अर्धं लोटत म्हटलं.

"शुभ बोलल्यानं पानी साफ व्हते का माय? व्हत असंन तं दिवसभर बोलतो."

लोक वैतागले. तरी त्यांचा ससेमिरा चुकवायला म्हणून का होईना, नाल्याकाठचे शेतकरी एकत्र बसले आणि ठरलं. खत एकदम न टाकता थोडं थोडं द्यायचं, आभाळ बघून द्यायचं, प्रत्येक मोटरीला व्हॉल्व्ह लावायचा आणि नाल्याच्या काठाने केळीची एक ओळ सोडून तिथे गवत वाढू द्यायचं, म्हणजे बागेतून वाहून येणारं त्यात अडेल. ओळ सोडायला कुणी तयार नव्हतं. आबांनी दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेतली आणि स्वतःची काठची ओळ तोडली, अर्ध्या भरलेल्या घडांसकट. त्यांचा मुलगा बांधावर उभा राहून शिव्या देत होता. आबा त्याला भ्यायचे. मान खाली घालून तोडत राहिले. मग एकेकाने ओळ सोडली.

व्हॉल्व्हही सगळ्यांनी लावले. आत झडप किती जणांनी ठेवली, ते निराळं. आमच्याकडे एक समजूत आहे की झडपेने पाण्याचा दाब कमी होतो आणि शेवटच्या ओळी तहानलेल्या राहतात. म्हणून लोक व्हॉल्व्ह उघडतात, झडप काढून घेतात आणि झाकण परत आवळतात. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही. हुशारी म्हणतात याला.

कृषी केंद्रातल्या त्या मुलीने जाताना पट्ट्यांची डबी आबांकडे ठेवली. आबा ती कोपरीच्या खिशात घालून फिरायचे आणि ज्याच्या त्याच्या विहिरीत पट्टी बुडवायचे. आमची विहीर मात्र त्यांनी कधी तपासली नाही. मी डबी मागितली तर खिशावर हात ठेवला.

"आपल्या इहिरीत नको."

"काहून नको?"

"गुलाबी निघाली तं कुठी जाऊ मी? दुसरी इहीर कुठी हाये आपल्याले?"

मला हसू आलं. मी म्हटलं, बरं.

मग माझी मुलगी धुळ्याहून पहिल्या बाळंतपणाला आली. तिला मुलगी झाली. बाळाला आईचं दूध पुरेना, डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं. आबांना हे कळलं तसे ते सकाळी अंगणात येऊन उभे राहिले. हातात पाण्याचा कॅन. सातपुड्याच्या बाजूला रस्त्यालगत एक हापसा आहे; त्याची पट्टी पांढरी निघाली होती. सायकलवर कॅन बांधून तिथलं पाणी आणलेलं. "पोरीले हेच पाजा. इहिरीचा थेंब नको." हे रोज सुरू झालं. कॅन ठेवायचा आणि घरात न येता बाहेरूनच विचारायचं, "ओठ कसे हायेत?"

लेक चिडायची. "आई, रोज सकाळी उठून हे काय विचारतात? उद्यापासून विचारू नका म्हणून सांग त्यांना."

मी सांगितलं. आबा म्हणाले, "बरं, नही विचारत." दुसऱ्या दिवशी विचारलं नाही. दारात उभे राहून, टाचा उंचावून, पाळण्याकडे बघत राहिले. मुलीने शेवटी बाळ उचलून बाहेर आणलं आणि म्हणाली, "घ्या, बघा! गुलाबी आहेत." आबांनी हात जोडले. बाळाला जोडले की तिला, कोण जाणे.

उन्हाळा टोकाला गेला. विहिरीचं पाणी तळाला लागलं. लाइट दिवसातून कितीदा जाई-येई, हिशेब नव्हता. आबांची धाव चालूच. त्यातच त्यांची परगावी दिलेली बहीण गेली, आणि दहाव्याला जाणं भाग होतं. आदल्या दिवशी त्यांनी कॅन आणला तेव्हा मला म्हणाले, "उद्या मी नही. पानी जपून वापरजा. दुपारपर्यंत येतोच."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मजुरांबरोबर बागेत होते. मधेच लाइट गेली आणि काही वेळाने आली. माझी मोटर आपोआप सुरू होते. घरावरची टाकी भरली. घरी कॅन संपला होता. मुलीला वाटलं, एका दिवसाचा प्रश्न. तिने टाकीतलं पाणी घेतलं आणि काळजीने, खूप वेळ उकळलं. पारावर कृषी केंद्रातली ती मुलगी बोलली तेव्हा माझी लेक धुळ्याला होती, आणि उकळायचं नाही हे मीही तिला सांगितलं नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. जगातली कुठलीही आई बाळासाठी पाणी उकळतेच.

दुपारी मी घरी आले तेव्हा ती म्हणाली, "आज झोपलीच आहे गं. दूध पण नीट घेत नाहीये." मी म्हटलं, उकाडा आहे.

तेवढ्यात बाहेर आबांचा आवाज. तसा आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता. शब्द नव्हतेच त्यात. ते एसटीतून उतरून घरी न जाता सरळ विहिरीवर गेले होते. सकाळी लाइट गेली होती, हे त्यांना स्टँडवर कळलं. विहिरीवर त्यांचा खताचा ड्रम कोरडा होता. मुलाने तो सकाळी भरून मोटर लावली होती आणि लगेच लाइट गेली होती. मुलगा म्हणाला, "गेलं असंन बागेत." आबांनी ठिबकच्या नळ्या बघितल्या; खालची माती कोरडी. मग त्यांनी पाना घेतला, व्हॉल्व्हचं झाकण उघडलं आणि आत बोट घातलं. झडप नव्हती. मुलाने काढली होती. कधी, ते त्याने सांगितलं नाही.

आबा चपलांसकट घरात शिरले. माझ्या स्वयंपाकघरात ते उभ्या आयुष्यात आले नव्हते. पातेलं उलटं केलं, माठ लवंडला, कळशी लाथाडली. सगळीकडे पाणी. मुलगी किंचाळली, "आई, यांना आवर!" आबांनी बाळाच्या उशाशी ठेवलेली बाटली उचलली आणि विचारलं, "ह्याच्यात कुठलं पानी?"

"टाकीतलं. पण उकळलंय मी. चांगलं आटेपर्यंत उकळलंय."

आबांनी बाटली मोरीत ओतली.

घरात अंधार असतो, रंग कळत नाही. मी बाळ उचललं आणि अंगणात उन्हात नेलं. ओठ बघितले. वाटलं, ठीक आहेत. पुन्हा बघितले. वाटलं, नाहीत. हाताची नखं बघितली. पाटीवरची पेन्सिल पुसल्यावर राहतो तसा करडा रंग. मुलगी विचारत होती, "आई, कसे आहेत? आई, सांग ना, कसे आहेत?" जे बघायचं ते बघूनही खात्री होत नाही, याहून वाईट भीती मला ठाऊक नाही.

आबांच्या मुलाने गाडी आणली. मी मागे, मांडीवर बाळ, शेजारी लेक. आबा मुलाच्या शेजारी पुढे. एरवी गाडीत बसले की "हळू, हळू" चालायचं त्यांचं. तापीच्या पुलावर समोरून ट्रक येत असताना ते मुलाला म्हणाले, "पळव." एवढाच शब्द. मी सगळा रस्ता बाळाच्या छातीवर तळवा ठेवून होते. ती वर-खाली होते आहे, एवढंच मोजत होते.

जळगावला डॉक्टरांनी रक्त काढलं. सुईत जे आलं ते लाल नव्हतं. चहाच्या चोथ्याचा रंग. डॉक्टर तरुण होता. त्याने ते उजेडात धरलं आणि विचारलं, "पाणी कुठलं देता?"

मी तोंड उघडायच्या आत आबा बोलले. "माह्या इहिरीचं. माह्या मोटरीनं खत उलटं गेलं त्याच्यात. ह्याच्यात पोरीचा काही दोष नही, तिले बोलू नका." मुलगा मागे भिंतीला टेकून उभा होता. आबांनी त्याच्याकडे बघितलं नाही आणि त्याचं नावही घेतलं नाही. ज्या माणसाला कुत्र्याची भीती वाटायची, तो त्या खोलीत ताठ उभा होता.

बाळाला शिरेतून एक औषध दिलं. तेही निळंच होतं; नळीतून उतरताना बघून लेक रडायला लागली. संध्याकाळपर्यंत ओठांवर रंग आला. डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत." लेकीने तिथूनच नवऱ्याला फोन केला, आणि दवाखान्यातून सुट्टी झाली तशी ती बाळाला घेऊन धुळ्याला गेली. गावाकडे फिरकली नाही. तिचे कपडे मी नंतर पोचवले.

इकडे विहीर राहिली. पाणी उपसून टाकायला हवं होतं, पण टाकायचं कुठे? नेहमीसारखं नाल्यात सोडलं तर ते गावाच्या विहिरीला लागणार. गावात बातमी पोचली होती. पारावर हसणारे सकाळी एकेक करून आमच्या बांधावर आले, खांद्यावर पाइप घेऊन. जळगाव जिल्ह्यात पाइपला तोटा नाही. बांधांवरून पाइपला पाइप जोडत त्यांनी ते पाणी सगळ्यांच्या बागांत फिरवलं. प्रत्येकाने आपला खताचा तेवढा हप्ता सोडला आणि त्याऐवजी हे पाणी थोडं थोडं घेतलं. नाल्यात थेंब जाऊ दिला नाही. आबा सांध्यासांध्यावर जाऊन हात लावून बघायचे, गळत तर नाही ना. कुणी चेष्टा केली नाही. मी चहा घेऊन गेले तेव्हा बघितलं, दोघं-तिघं आपापल्या मोटरीवर पाने घेऊन बसले होते. घरी खिडकीत, देव्हाऱ्याजवळ ठेवलेल्या झडपा परत येत होत्या. कुणी कुणाकडे बघत नव्हतं.

आबांचा मुलगा दोर धरून विहिरीत उतरला आणि तळातला गाळ त्याने एकट्याने काढला. वर कुणी त्याला हात दिला नाही, तेव्हा आबांनी दिला.

विहीर कोरडी झाली. मग खडकाच्या फटीतून नवं पाणी पाझरायला लागलं. स्वच्छ, गार, काचेसारखं. काठावर उभे असलेल्यांना हायसं वाटलं. एक जण म्हणाला, "चला, झालं. आबा, आता टाका पट्टी."

आबांनी डबी काढली. झाकण उघडेना; माझ्याकडे दिली. मी पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. मुलाने पुन्हा खाली उतरून बादलीत झऱ्याचं पाणी वर पाठवलं. आबांनी पट्टी बुडवली आणि डोळे मिटले. आम्ही बघत होतो.

गुलाबी झाली.

"गाळ राह्यला असंन," कुणीतरी म्हणालं. बादली विसळून पुन्हा पाणी घेतलं, तेही थेट खडकातून. पुन्हा गुलाबी. नाल्याएवढी नाही, पण गुलाबी.

"हे कोनाच्या ड्रमातलं?" त्याच माणसाने विचारलं.

आबांनी डोळे उघडले. "कोनाच्याच नही. हे वरून मुरलेलं हाये. तुमचं, माह्यं, माह्या बापाचंही असंन. इतके वर्सं टाकून राह्यलो, ते कुठी जाईन?"

तोवर सगळ्यांना सोपं होतं. आबांच्या मुलाला शिव्या घातल्या की झालं. आता शिवी द्यायला कुणी उरलं नाही. दोन-चार घरांत तान्ही मुलं होती. ते बाप आधी निघाले, जवळजवळ पळतच.

त्यानंतर नाल्याकाठचं ठरलेलं सगळं पाळलं जाऊ लागलं. भीतीनेच, दुसरं काही नाही. खत निम्म्यावर आलं, गवताची पट्टी दोन्ही काठांनी धरली, आभाळ आलं की माणसं एकमेकांना फोन करून विचारतात, "टाकलं तं नही ना आज?" उन्हाळ्यात नाला पूर्वीइतका हिरवा होत नाही. विहिरींच्या पट्ट्या वर्षावर्षाला फिक्या होत गेल्या. वरून टाकणं थांबलं तरी आधीचं मुरलेलं निघायला वेळ लागतो, असं ती कृषी केंद्रातली मुलगी म्हणाली. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आबा आजारी पडले. जळगावलाच ठेवलं होतं. मी भेटायला गेले तेव्हा सलाइनच्या बाटलीकडे संशयाने बघत पडले होते. नर्सला विचारून झालं होतं, हे पाणी कुठलं. मी त्यांना सांगितलं, लेकीला पुन्हा दिवस गेलेत आणि ती माहेरी यायचं म्हणते आहे. आपल्या विहिरीची पट्टी आता जवळजवळ पांढरी आहे. मला वाटलं, खूश होतील.

ते म्हणाले, "पावसाळा होऊ दे. सगळं वरचं खाली उतरंन. मंग पाह्य, आन् मंग बोलाव तिले."

पावसाळ्याआधीच ते गेले. मी थांबले. पाऊस चांगला झाला, विहीर भरली. लेकीचे दर दोन दिवसांनी फोन. हापशाचं पाणी मला आणता आलं असतं. ती तेच म्हणत होती. पण रोज आणणाऱ्याचा एखादा दिवस चुकतो, आणि तो दिवस कसा असतो ते मी बघितलेलं आहे.

पाऊस उघडल्यावर आठवडाभराने मी विहिरीवर गेले, पट्टी बुडवली आणि तिथूनच तिला फोन लावला. म्हटलं, "तू येऊ नकोस. मीच धुळ्याला येते."

ती म्हणाली, "पट्टी बघितलीस?"

"हो."

"किती गुलाबी आहे?"

मी पट्टी पुन्हा उन्हात धरली. "दिसण्याइतकी," मी म्हटलं.